दोन फेऱ्यांनंतरची धाप

वाचकाचं पत्र, थोडक्यात

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्याला शिकायला आलेल्या वीस वर्षांच्या मुलीचं हे पत्र. ती बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. शाळेपासून खो-खो खेळते, कॉलेजच्या संघातून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धाही खेळली आहे. या सत्रात तिला ‘शारीरिक तंदुरुस्ती’ हा दोन क्रेडिटचा सहअभ्यासक्रम आहे, ‘वैयक्तिक आरोग्य’ हा खुला विषय तिने स्वतः निवडला आहे आणि ‘ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ (माल आणि सेवा तयार करण्याच्या कामाचं नियोजन) हा मुख्य पेपर आहे. पहिले दोन विषय तिला मनापासून आवडतात. आरोग्याच्या पेपरात तिला अंतर्गत परीक्षेत ५० पैकी ४३ गुण मिळाले, ऑपरेशन्समध्ये १९. तो तास दुपारी दोन ते चार असतो आणि त्यात तिला झोप येते.

वडील चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहेत. मुलीने तिसऱ्या वर्षाला ऑपरेशन्स घ्यावं, ‘पुढचं मी बोलून ठेवतो’, असं त्यांचं म्हणणं आहे. तिला बीबीए सोडून बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला, जायचं आहे. ती लिहिते: ‘ताई, पप्पांना खेळ म्हणजे टाइमपास वाटतो. ऑपरेशन्स हे मशिनींचं आणि मुलांचं काम आहे, मला मैदानावर माणसांबरोबर काम करायचंय. पण आमच्या कॉलेजात तंदुरुस्तीचा तास नावालाच होतो, रजिस्टरवर सही केली की संपला. कॉलेजच ज्या विषयाला किंमत देत नाही तो आयुष्यभरासाठी कसा निवडू? माझा सरावही बिघडलाय, आताशा ग्राउंडच्या दोन फेऱ्या मारल्या की धाप लागते, पण ते सोडा. मी काय करू?’

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र चार पानांचं आहे. जवळजवळ सगळं अभ्यासक्रमांविषयी, आणि एक अर्धं वाक्य तुझ्या शरीराविषयी. ते अर्धं वाक्य तू ‘पण ते सोडा’ म्हणून बाजूला सारलंस. मला ते सोडवत नाही. मी तिथूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या चार पानांशी त्याचा संबंध असावा असा मला दाट संशय आहे.

४०० मीटरच्या मैदानाच्या दोन फेऱ्या म्हणजे ८०० मीटर. पोलीस भरतीत मुलींना धावावं लागतं तेवढंच अंतर. दहावीत असताना तू ते बोलता बोलता पळत असशील. आज तेवढ्यात धाप लागत असेल, तर ‘सराव बिघडलाय’ या कारणावर मी थांबणार नाही. कारणं बरीच असू शकतात: झोप, मेसचं जेवण, दमा, थायरॉइड. पण तुझ्या वयाच्या मुलीच्या बाबतीत सगळ्यात आधी तपासायची गोष्ट एकच, हिमोग्लोबिन. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय. हिमोग्लोबिन स्नायूंपर्यंत प्राणवायू नेतं. ते कमी पडलं की पहिल्यांदा धावणं जड होतं, मग जिना, आणि मग दुपारी दोनचा तास.

आरोग्याच्या पेपरात लोह आणि रक्तक्षय यावर तू चांगलं उत्तर लिहिलं असशील. ते ज्ञान स्वतःच्या बोटाच्या टोकापर्यंत आलं नाही, याचा दोष मी तुला देत नाही. आपल्या घरांमध्ये मुलींना थकवा आला की ‘उशिरा झोपतेस’, ‘खात नाहीस नीट’ असं म्हणून विषय संपतो, आणि आपणही तसंच म्हणायला शिकतो. आईने कधी स्वतःचं रक्त तपासून घेतलं आहे का, तिला विचार. बहुधा नसेल.

मी हे इतकं लावून धरते, कारण यातून मी स्वतः गेले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कारखान्यात उत्पादन नियोजनाचं काम करत होते. जेवणानंतर कागदावरचे आकडे डोळ्यांसमोर तरंगायचे. स्टोअरचा जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. हे काम आपल्याला झेपत नाही, आपण यासाठी नाहीच, असं मी ठरवून टाकलं होतं आणि राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. दुसऱ्याच कशासाठी तरी रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ निघालं. उपचारांना चार-पाच महिने लागले. जिना तोच होता आणि आकडेही तेच होते. राजीनामा मी फाडला आणि त्या कामात पुढची सोळा वर्षं राहिले. मगच शिकवायला लागले.

तुझंही तसंच असेल असं मी म्हणत नाही. तुझा रिपोर्ट कदाचित उत्तम येईल. पण दोन ते चारच्या तासाला येणारी झोप विषयाची आहे की शरीराची, हे कळल्याशिवाय त्या १९ गुणांवर आयुष्याचा निर्णय उभा करू नकोस. या आठवड्यात सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारी तपासणी, करून घे. जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा महापालिकेच्या केंद्रात ही तपासणी होते. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर डॉक्टरांना लाजू नकोस, स्पष्ट सांग, कारण लोह तिथून जातं. त्यांना गरज वाटली तर ते फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासतील. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नकोस. जेवणाबरोबर चहा घेत असशील तर तो तास-दीड तास पुढे ढकल आणि पालेभाजीवर लिंबू पीळ. चहा लोह शोषू देत नाही, लिंबू मदत करतं. आणि धापेबरोबर छातीत दुखलं, चक्कर आली किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर आठवड्याचीही वाट पाहायची नाही.

आता अभ्यासक्रमांकडे येऊ.

तू लिहिलंस की बीबीए सोडून बी.पी.एड.ला जायचं आहे. इथे एक गैरसमज आहे आणि तुझी निम्मी घालमेल त्यातून आली आहे. बी.पी.एड. हा पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याला आधी कुठली तरी पदवी लागते. आजवरच्या नियमांप्रमाणे कोणत्याही शाखेची पदवी किमान ५० टक्क्यांनी मिळवलेली आणि आंतरमहाविद्यालयीन किंवा तत्सम मान्यताप्राप्त स्पर्धांत खेळलेली विद्यार्थिनी अर्ज करू शकते. मग सीईटी आणि मैदानी चाचणी. म्हणजे तुझं बीबीए आणि खो-खोचं ते प्रमाणपत्र हीच तुझी वाट आहे. ते प्रमाणपत्र जपून ठेव, त्याच्या दोन प्रती घरी पाठव. शिक्षक-शिक्षणाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः उघडून वाच. कुणाच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नकोस, माझ्याही नाही.

हिशेब मांडून बघ. बीबीए आज सोडलंस तर पुन्हा पहिल्या वर्षापासून शारीरिक शिक्षणाची तीन वर्षांची पदवी आणि वर बी.पी.एड.ची दोन, अशी पाच वर्षं. बीबीए पूर्ण केलंस तर उरलेलं दीड वर्ष आणि वर दोन, साडेतीन. मैदानावर पोचण्याचा जवळचा रस्ता कॉलेज सोडण्यातून जात नाही. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडता येतं आणि मिळवलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँकेत राहतात, हे तू ऐकलं असशील. ज्यांच्या घरी अडचण येते त्यांच्यासाठी ती सोय मोलाची आहे. तुला तिची गरज नाही.

म्हणजे ‘पप्पा की मी’ असा जो निवाडा तू माझ्याकडे मागतेस, तो निदान दीड वर्ष करायचाच नाही. या दीड वर्षात काय करायचं, हा खरा प्रश्न.

ऑपरेशन्स हे मशिनींचं आणि मुलांचं काम, असं तू लिहिलंस. वर्गात फक्त ईओक्यूचं (एका वेळी किती माल मागवावा याचं) सूत्र आणि कारखान्याच्या मांडणीच्या आकृत्या फळ्यावर उतरवून दिल्या असतील तर तुला तसं वाटणं साहजिक आहे. पण हा विषय ज्यांनी उभा केला त्यांच्यातल्या एका जोडप्याची गोष्ट तुला सांगायलाच हवी. फ्रँक गिल्ब्रेथ हा अमेरिकेतला गवंडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने वीटकाम निरखून पाहिलं. प्रत्येक विटेसाठी गवंडी जमिनीपर्यंत वाकतो, वीट उचलतो, फिरवून बघतो, ठोकतो. १८ हालचाली. त्याने विटा आणि मसाला कमरेच्या उंचीवर राहील अशी, भिंतीबरोबर वर सरकणारी मचाण केली आणि हालचाली पाचेकांवर आणल्या. काम वाढलं आणि गवंड्याची पाठही वाचली. त्याची बायको लिलियन मानसशास्त्र शिकलेली. थकवा कुठून येतो, कुणाला किती विश्रांती लागते, उंची-हात-नजर यांचा कामाशी मेळ कसा बसवायचा, हा त्या दोघांच्या अभ्यासाचा गाभा होता. नवरा गेल्यावर तिने एकटीने ते काम अनेक वर्षं चालवलं, स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत नेलं, आणि १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडली गेलेली ती पहिली स्त्री ठरली. डझनभर मुलांची आई होती ती.

गवंड्याने किती वेळा वाकावं हा प्रश्न तुझ्या तंदुरुस्तीच्या तासाचा की ऑपरेशन्सच्या? मला तर दोन्हीत फरक करता येत नाही.

आणखी एक. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डबलडेकर बस, त्यावर दोन माणसं. चालक पाळीभर बसलेला, वाहक पाळीभर जिना चढत-उतरत तिकिटं फाडणारा. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. मॉरिस तिथे थांबले नाहीत. त्यांनी गणवेशांची मापं काढून पाहिली, तेव्हा चालक नोकरीच्या सुरुवातीपासूनच कमरेने जाड असल्याचं दिसलं, म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येईना. असा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. तरी व्यायाम आणि हृदय यांच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात त्या बसमधूनच झाली. आता तू असा विचार कर: कोण किती तास बसेल, कोण किती चालेल, पाळी किती वाजता बदलेल, हे कुणी ठरवलं? डेपोतल्या नियोजनाने. हजारो माणसांच्या शरीराचं भवितव्य त्या तक्त्यात लिहिलेलं असतं आणि तो तक्ता बनवणाऱ्याला बहुतेक वेळा याची जाणीव नसते. तुला ती असेल. ऑपरेशन्सच्या वर्गात बसलेल्या फार थोड्या मुलींना असते.

टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत तीन शब्द येतात, मुदा, मुरी आणि मुरा. आपल्याकडे मुदा तेवढी शिकवतात, म्हणजे वाया जाणं. मुरा म्हणजे कामातला चढउतार. मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर पेलवणार नाही एवढा भार. ती परीक्षेत येत नाही बहुधा, पण तुझ्यासाठी अख्खा विषय तिथे आहे. व्यायामशाळेत वजन उचलताना तुला सांगत असतील की पाठ सरळ ठेव आणि वजन अंगालगत घे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेच्या सूत्रात तीच गोष्ट आकड्यात आहे. सगळं अनुकूल असताना दोन हातांनी उचलायच्या वजनाची मर्यादा २३ किलो. वजन अंगापासून लांब गेलं, वाकावं लागलं, कमरेत वळावं लागलं, मिनिटाला अनेकदा उचलावं लागलं, की ती मर्यादा खाली खाली येते. वडिलांच्या कारखान्यातल्या क्रेटचं वजन किती असतं, ते त्यांना विचारशील?

शिवाय तू खो-खो खेळतेस. संरक्षणाला तीन-तीनच्या तुकड्या उतरतात. पहिल्या तुकडीत कुणाला पाठवायचं, दमदार गडी शेवटच्या मिनिटांसाठी राखायचा की सुरुवातीलाच घड्याळ खायला लावायचं, समोरची चपळ मुलगी आक्रमणाला आली की काय बदलायचं, हे तू बाकावर बसून ठरवलं आहेस. याला पुस्तकात शेड्यूलिंग म्हणतात. पुस्तकातलं समजत नाही म्हणणाऱ्या मुलीला मैदानावर ते समजत होतं, एवढं लक्षात घे. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि आपल्या मुलींनी तो प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. तू तो पाहिला असशीलच. त्या आठवडाभरात देशोदेशींचे संघ, सराव, जेवण, सामन्यांच्या वेळा, पंचांच्या पाळ्या हे सगळं कुणीतरी बसवलं होतं.

आता दुसऱ्या बाजूने थोडं टोचणारं विचारते. मैदान आवडणं आणि मैदानावरची नोकरी आवडणं यात अंतर असतं. क्रीडाशिक्षकाचा दिवस तू जवळून पाहिला आहेस का? सकाळी साडेपाचला चुना टाकून मैदान आखायचं. ऐंशी मुलांचा वर्ग एकटीने सांभाळायचा. स्पर्धेच्या प्रवेशिका, वयाचे दाखले, खेळाडूंचा प्रवासखर्च, पडलेल्या मुलाला दवाखान्यात नेणं, आणि परीक्षेच्या दिवसांत दुसऱ्याच्या वर्गावर पर्यवेक्षण. स्वतः खेळणं त्यात जवळजवळ संपतं. यातल्या बऱ्याच गोष्टी, तुझ्या लक्षात आलं असेल, ऑपरेशन्सच आहेत. नोकरीचंही वास्तव बघून घे. अनुदानित आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली भरती अभियोग्यता चाचणीनंतर शासनाच्या पवित्र पोर्टलवरून होते आणि ती दरवर्षी ठरल्या वेळी निघेलच असं नाही. कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर एम.पी.एड. आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा जुना, मानाचा रस्ता. हे सगळं सांगून मला तुला घाबरवायचं नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांनी तिथे देशी खेळ दाखवले होते. खेळ शिकवणाऱ्या माणसांना आपल्याकडे परंपरा आहे, पाया आहे. फक्त तू जाशील ती त्या कामावर प्रेम करून जा. विषयाच्या नावावरचं प्रेम पहिल्या पावसाळ्यात ओसरतं.

म्हणून दीड वर्षाचा उपयोग असा कर, की दोन्ही कामांचे दिवस प्रत्यक्ष जगून बघ. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना सांग की पुढच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आयोजनात मला घ्या, खेळाडू म्हणून नको. चार दिवस पहाटेपासून संध्याकाळपर्यंत. तू साताऱ्याची आहेस, तिथे २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते. यवतेश्वरच्या घाटात तोच रस्ता जायला आणि तोच यायला, हजारो धावणारे, पाण्याची टेबलं, रुग्णवाहिका. स्वयंसेवक म्हणून एक वर्ष तिथे उभी राहा. धावणाऱ्यांना किती किती अंतराने सोडतात, पाण्यापाशी गर्दी कुठे तुंबते, पेले कुठे संपतात, वहीत लिहून ठेव. तुझ्या ऑपरेशन्सच्या प्रकल्पाला याहून चांगला विषय मला सुचत नाही. आणि तिसऱ्या वर्षाची इंटर्नशिप येईल तेव्हा सगळ्यांसारखी बँकेत किंवा शोरूमला करू नकोस. क्रीडासंकुल, मोठी व्यायामशाळा, खेळाचं साहित्य बनवणारा किंवा वितरित करणारा व्यवसाय, किंवा एखाद्या कंपनीचा कामगार-आरोग्य विभाग बघ. प्रत्येक दिवसाच्या शेवटी एवढंच लिही की आज कुठला तास कधी गेला कळलं नाही आणि कुठला संपता संपत नव्हता. महिनाभराची ती वही माझ्या या पत्राहून जास्त खरं सांगेल.

वडिलांविषयी. त्यांना खेळ टाइमपास वाटतो, असं तू लिहिलंस. त्यांनी हे शब्द वापरले, की तू त्यांच्या गप्प बसण्याचा तसा अर्थ लावलास? पत्रात ते स्पष्ट नाही. तिन्ही पाळ्या केलेल्या माणसाला मुलीसाठी नेमका पगार आणि ओळखीचं दार दिसतं, कारण त्याने दार नसणं पाहिलेलं असतं. ‘मी बोलून ठेवतो’ हे वाक्य मी दबाव म्हणून वाचलं नाही. त्यांच्याजवळ जे आहे ते ते देऊ करताहेत. पुढच्या सुट्टीत त्यांच्याशी विषय निवडण्यावर बोलूच नकोस. त्यांना विचार, पाळी संपल्यावर काय दुखतं? कुठल्या मशीनवरची माणसं लवकर थकतात? रात्रपाळीच्या आठवड्यात तुम्ही जेवता कधी, झोपता किती? शक्य असेल तर परवानगी काढून एकदा त्यांच्याबरोबर आत जाऊन बघ. त्यांच्या कामातलं तुला काही समजतं, हे त्यांना दिसू दे. बी.पी.एड.ला पदवी लागते आणि तू पदवी पूर्ण करणार आहेस, हे त्याच दिवशी सांगून टाक. त्यांची निम्मी काळजी तिथेच उतरेल. उरलेली निम्मी राहील, ती तुला सोसावी लागेल.

कॉलेजातल्या त्या नावापुरत्या तासाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. धोरणाने योग, खेळ, आरोग्य यांना पदवीच्या क्रेडिटमध्ये जागा दिली, आणि ती जागा सह्यांनी भरली जाते आहे. पण कॉलेज किंमत देत नाही म्हणून विषय हलका, हे तर्कात बसत नाही. आणि तुझ्या हातात एक साधा हिशेब आहे. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे किमान ३० तास. दोन क्रेडिटचे ६०. सत्राचे १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४ तास, २४० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. म्हणजे कागदावर लिहिलेला अभ्यासक्रम खरोखर घेतला तर प्रत्येक मुलाला पुरेसा व्यायाम तिथेच मिळतो! तक्रारअर्जाऐवजी हा हिशेब आणि एक वेळापत्रक घेऊन दहा-बारा जणी मिळून सरांकडे जा. मैदान कुठल्या वेळी रिकामं असतं, हॉलची किल्ली कुणाकडे असते, किती जणींच्या तुकड्या करता येतील, पावसात काय करायचं, हे आधी चार दिवस बघून लिहून न्या. बहुतेक ठिकाणी सरांची इच्छा नसते असं नाही, हजार विद्यार्थी आणि एक माणूस असतो. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकीची १२ मिनिटांत धावलेली अंतरं नोंदवा, विश्रांतीतले नाडीचे ठोके नोंदवा. सहीच्या रजिस्टरशेजारी हे दुसरं रजिस्टर उभं राहिलं की पहिल्याची लाज वाटायला लागते. तू स्वतः मात्र रिपोर्ट आल्याशिवाय आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ते १२ मिनिटं धावू नकोस.

अशीच पत्रं मला आणखीही येतात, म्हणून दोन ओळी इतरांसाठी. पहिल्या वर्षाला सहअभ्यासक्रम निवडताना ‘सोपे मार्क कशात’ एवढंच विचारणाऱ्यांनी निदान ते ६० तास कशात घालवायला आवडतील हे विचारावं. कधीच स्पर्धा न खेळलेल्या पण शारीरिक शिक्षणात जाऊ पाहणाऱ्यांनी पात्रतेची कलमं आत्ताच वाचावीत, पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रमाणपत्र उभं करता येत नाही. ऑपरेशन्स घेतलेल्या मुलांना एवढंच सांगेन की गुण चांगले पडत असतील तरी एकदा आठ तास उभं राहून काम करणाऱ्या माणसाशेजारी आठ तास उभे राहा.

तुझ्या १९ गुणांचं अजून राहिलं. दुपारचा तास बदलणार नाही, पण विषय दुसऱ्या वेळी वाचता येतो. ‘स्वयम्’ आणि ‘एनपीटीईएल’ या सरकारी ऑनलाइन संकेतस्थळांवर ऑपरेशन्सचे चांगले मोफत तास आहेत, सकाळी लावून बघ. रांगांचा धडा आधी घे, ईओक्यू नंतर. मेसच्या रांगेत मिनिटाला किती मुली ताट घेतात आणि सरासरी किती उभ्या असतात ते मोज; आपल्याला किती वेळ थांबावं लागेल ते एका भागाकारात निघतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. तो भागाकार स्वतः करून बघितलास की पुढचं प्रकरण तुला आपोआप उघडावंसं वाटेल.

पण हे सगळं सोमवारनंतर. सोमवारी सकाळी आधी रक्त देऊन ये. सीबीसीला उपाशी राहावं लागत नाही, नाश्ता करून जा. रिपोर्टवरचा आकडा मला कळव, आणि आईलाही तपासणीला पाठवलंस तर तिचाही.

तुझी,
ताई